मुकुंदच्या दोरावरचा माणूस

गोंदिया

गोंदियाला उतरले तेव्हा डावा गुडघा सुजला होता आणि पुढे कुठेही जायची इच्छा उरली नव्हती. फलाटावर पिवळे झेंडे आणि पिवळ्या टोप्यांची गर्दी. माघी पौर्णिमा तोंडावर आली होती आणि गोंड मंडळी कचारगडच्या जत्रेला निघाली होती. आपल्या पूर्वजांच्या गुहेचं दर्शन घ्यायला माणसं कुठून कुठून आली होती. बायकांच्या डोक्यावर बोचकी, हातात शिधा, चालणं भराभर. एका म्हातारीने माझ्या पाठपिशवीकडे बघून विचारलं, "कचारगड?"

"नाही, अर्जुनी मोरगावला."

"मंग तिकडं," असं म्हणून तिने उलट्या दिशेचा फलाट दाखवला आणि निघून गेली. तिच्या चालण्यात जी घाई होती ती माझ्यात कधीच संपली होती.

स्टेशनबाहेर चहा घेतला. चहावाला हिंदीतच बोलत होता. नाशिकहून इतकं पूर्वेला आल्यावर आपण महाराष्ट्रातच आहोत हे स्वतःला सांगावं लागतं. तेवढ्यात डोक्यावरून एक छोटं विमान घरघरत गेलं, वळलं, पुन्हा आलं.

"सीखनेवाले बच्चे हैं," चहावाला म्हणाला. "बिरसी की पट्टी से उडते हैं. दिनभर गोल गोल."

मी मान वर करून बघितलं आणि पुन्हा कपाकडे वळले. एके काळी विमान दिसलं की मी रस्त्यात थांबायची. मी मुलांसाठी साहसी माणसांची चरित्रं लिहिते. ध्रुवावर पोचलेले आणि वाटेतच राहिलेले, शिडाच्या जहाजाने पृथ्वीला वळसा घालणारे, महासागरावर विमानासकट नाहीशी झालेली एक बाई, अशी कितीतरी माणसं माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यांची बालपणं लिहायला मला अजूनही आवडतं. कंटाळा आला आहे तो शेवटच्या परिच्छेदाचा. "हिमालयाने त्यांना आपल्या कुशीत घेतलं." असली वाक्यं मी इतकी लिहिली की आता ती लिहिताना हात आपोआप चालतो आणि मी खिडकीबाहेर बघत असते.

माझा थोरला भाऊ मुकुंद असाच कुशीत घेतला गेला. तीस वर्षं होऊन गेली. गढवालमधल्या एका शिखरावर लष्कराची आणि हौशी गिर्यारोहकांची एकत्र मोहीम गेली होती, त्यात तो होता. वय सत्तावीस. मोहिमेच्या अहवालात एकच ओळ आली: हिमभेगेत पडून जागीच मृत्यू. आमचे बाबा शाळामास्तर. त्यांनी ती ओळ आईला वाचून दाखवली, अहवाल कपाटात ठेवला, आणि घरात पुन्हा तो विषय निघाला नाही. बाबा जाऊनही आता दहा वर्षं झाली.

यंदा प्रकाशकांनी मराठी गिर्यारोहकांवर पुस्तक मागितलं. मुकुंदवर प्रकरण लिहायला बसले आणि लक्षात आलं की जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांचे शेवट मला पाठ आहेत, पण सख्ख्या भावाच्या शेवटाची एकच ओळ माहीत आहे. मोहिमेतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याला फोन केला. ते म्हणाले, "त्याच्या दोरावर, म्हणजे त्याच दोराला बांधलेला जोडीदार, शेवटी डोमाजी होता. डोमाजी कापगते. गोंदिया जिल्ह्यातला. अजून आहे." त्यांनी नंबर दिला. मी फोन लावला, नाव सांगितलं. त्यांनी माझं नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग, "या जी," एवढंच.

म्हणून मी निघाले होते.

कोहमारा

अर्जुनीची गाडी माझ्या चहामुळे हुकली. एसटी पकडली, ती कोहमाऱ्याच्या तिठ्यावर येऊन आचके देत बंद पडली. कंडक्टरने खाली वाकून बघितलं आणि जाहीर केलं, "नाही चालून राहिली आता. दुसरी येईल." कधी, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. सगळे उतरून निमूट सावलीला गेले. आमच्याकडे एव्हाना कंडक्टरशी भांडण लागलं असतं.

हमरस्त्यावर रायपूरकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग आणि ढाबे. मी भात-वरण मागितलं. पोऱ्या नव्हे, मालकच वाढत होता. "वरून सांबार टाकू का?" म्हणाला. मी म्हटलं, वरणावर सांबार कशाला? त्याने माझ्याकडे बघितलं, मुठीतली चिरलेली कोथिंबीर दाखवली. "हा काय सांबार!" शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली.

त्या बाई माझ्याच एसटीतल्या, गोरेगावकडच्या पोवार शेतकरी घरातल्या. घरात त्या पोवारी बोलत असाव्यात. माझ्याशी थांबून थांबून मराठी बोलल्या.

"कायले चालल्या इतक्या दूर?"

मला पहिल्यांदा ते खटकलं. आमच्याकडे असं सरळ कुणी विचारत नाही. आधी हवापाण्याचं बोलतात. पण इथे विचारायचं ते विचारतात आणि मग शांतपणे उत्तराची वाट बघतात.

"एका माणसाला भेटायला."

"कोन लागते तो तुमचा?"

माझ्या भावाला शेवटचं बघितलेला माणूस. त्याला नात्याचा कुठला शब्द लावायचा? "भावाचा सोबती," मी शेवटी म्हटलं.

"भाऊ नाही आला?"

"भाऊ नाही आता."

त्यांनी मान हलवली. पिशवीतून शिंगाडे काढले, सोलून दोन माझ्या हातावर ठेवले. दुसरी एसटी आली तेव्हा उन्हं चढली होती. नवेगावच्या जंगलातून गाडी जात असताना मी बाहेर बघायचं सोडून झोपले. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने हे कबूल करू नये, पण झोपले.

अर्जुनी मोरगाव

थांब्यावर उतरले तोच एक उंच, वाळलेला माणूस सायकल हाताने ढकलत पुढे आला. पायात बोटांकडून कापलेले जुने कॅन्व्हासचे बूट.

"सुलभाताई?"

"तुम्ही ओळखलंत कसं?"

"मास्तरांचं कपाळ आहे तुमाले. हुबेहूब."

मला वाटलं, मुकुंदने बाबांचा फोटो दाखवला असेल.

माझी पिशवी त्यांनी सायकलीला अडकवली आणि आम्ही चालू लागलो. त्यांचं गाव तिथून जवळच. दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, ओल धरून ठेवलेल्या जमिनीत लाखोरीची निळी फुलं. नाशिकची द्राक्षं तारांवर ताणलेली बघायची सवय असलेल्या डोळ्यांना ही जमीन फार सपाट, फार शांत वाटली. इथला माणूस हिमालयात कसा गेला?

"फौजेत गेलो," डोमाजी म्हणाले. "साहेबानं विचारलं, वजन उचलून वर कोन जाते? आमी कोहळी लोकं, तलाव बांधनारे. तलावाची माती डोक्यावर वाहून वाहून मोठे झालो. मी हात वर केला."

एका बांधीत सारसांची जोडी उभी होती. डोमाजी थांबले नाहीत. माझ्या गुडघ्यासाठी मात्र थांबले, न सांगता, दोनदा.

घर मातीचं, सारवलेलं, अंगण लख्ख. त्यांच्या पत्नी गिरजाबाई चुलीवरून उठून आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि पाटावर बसवलं. ताटात वाफाळता भात, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी, आणि तलावातल्या मासोळीचं तिखटजाळ कालवण. मी मासे खाते का हे विचारायला त्या थोड्या घुटमळल्या. मी खाते म्हटल्यावर त्यांचा चेहरा फुलला.

"बरं झालं बाई. मास्तर नव्हते खात. त्यांच्यासाठी भाजी येगळी करावी लागे."

माझा घास हातातच राहिला.

"कोण मास्तर?"

गिरजाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. डोमाजींनी ताट सरकवलं. "तुमाले ठाऊक नाई?" ते म्हणाले. "तुमचे बाबा अठी येऊन गेले. तीनदा."

बाबा उन्हाळ्यात नागपूरला बोर्डाचे पेपर तपासायला जात. निदान आम्हाला तसं सांगून जात. येताना आईसाठी संत्र्याची बर्फी आणत. मी ती बर्फी खाल्ली आहे.

"जेवा आधी," गिरजाबाई म्हणाल्या. "उपाशी माणसानं असं काई ऐकू नाई."

मी जेवले. चव कशी होती ते आता आठवत नाही, याचं वाईट वाटतं. त्यांनी मनापासून केलं होतं.

तलावाच्या पारावर

ऊन कलल्यावर डोमाजी मला तलावावर घेऊन गेले. पार म्हणजे मातीचा लांबलचक बांध, वर जुनी झाडं. त्यांच्या खापरपणज्यांच्या वेळचा तलाव. पाणी सोडायच्या दाराजवळ माती खचली होती, ती भरायचं काम गावाने काढलं होतं. दुपारनंतर तिथे कुणी नव्हतं. आम्ही उतरत्या बाजूला बसलो. त्यांनी बूट काढले. दोन्ही पायांना बोटं नव्हती.

"विचारा," ते म्हणाले.

"अहवालात लिहिलंय की मुकुंद पडला. जागीच गेला."

"नाई जी. पडला नाई." ते पाण्याकडे बघत होते. "वरच्या तंबूत आमी दोघंच होतो. शिखर अगदी समोर दिसे. मंग वादळ आलं. त्यात मुकुंदभाऊले खोकला सुरू झाला. छातीत पानी झालं होतं. श्वास घेतला का हुक्क्यासारखा आवाज येई. वॉकीटॉकीवर खालून लीडर सायेब सांगून राहिले होते, उतरा, उतरा. मी त्याले दोरानं बांधलं, पाठीवर घेतलं, बाहेर काढलं. हवा आमाले दोघांलेही उडवून राहिली होती. थोडं उतरलो, अन् पुढं काई दिसे नाई. डोळे उघडेच नाई. वापस आनलं."

"मग?"

"मंग सायेब म्हनाले, डोमाजी, आता तू एकटा तरी ये. हुकूम आहे."

"आणि तुम्ही?"

"कसा येऊ? तो जागा होता ना." त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. "मी हुकूम मोडला. माझे जोडे ओले होते, ते तसेच राहिले. तेवढ्यात हे गेले." त्यांनी पायांकडे नुसती मान केली.

मला विचारायचं नव्हतं, पण मी त्याचसाठी आले होते. "मुकुंद काही बोलला?"

"बोलला तर. सारखा बोलत होता. त्याले वाटे का तो घरी आहे, माडीवर. म्हने, डोमाजी, मला खाली ने. जिना कुठे आहे? आई खाली थांबली आहे. मला खाली जायचंय. मी म्हनो, हो भाऊ, उजाडलं का जाऊ. मंग पुन्हा तेच. रडे. लेकरासारखा रडे. शिखराचं नाव नाई काढलं त्यानं एकदाही. सकाळी वादळ थांबलं, अन् त्याच्यानंतर तो गेला. माझ्या मांडीवर डोकं होतं."

पाण्यावर कुठेतरी मासा उडाला. डोमाजींनी पुढचं पटकन सांगून टाकलं. एकट्याने त्याला खाली आणणं शक्य नव्हतं. तंबूचं कापड त्यांनी त्याच्याभोवती गुंडाळलं आणि दोराने हळूहळू एका हिमभेगेत सोडलं. दोरही त्याच्यासोबत सोडून दिला. "माती नव्हती तठी," ते म्हणाले. "माती असती तर मातीत ठेवलं असतं."

म्हणजे हिमभेग खरी होती. बाकीची ओळ लीडरने लिहिली होती, कारण वर दोन माणसं सोडून बाकीचे खाली उतरले होते हे त्याला लिहवलं नसावं.

"बाबांना हे सगळं माहीत होतं?"

"मी फौजी दवाखान्यात होतो. मास्तर आले. द्राक्षं आनली होती. दिवसभर माझ्या खाटेजवळ बसले. मी सारं सांगितलं, आता तुमाले सांगून राहिलो तसंच. ऐकून घेतलं. मंग म्हनाले, डोमाजी, हे घरी कळू नये. त्याचा जीव असा तडफडला हे त्याच्या आईला सोसणार नाही. पडला आणि गेला, हेच राहू दे. मी शब्द दिला."

"आणि इथे कशाला यायचे?"

"पुन्हा ऐकायले." डोमाजींनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "दर खेपेला अठीच बसत, तुमी बसल्या तठी. म्हनत, सांग. मी सांगो. तेच, पहिल्यापासून. मंग पान्याकडे बघत बसत. दुसऱ्या दिवशी जात."

माझा बाबांवरचा राग तिथे बसल्या बसल्या चढत गेला. बाबा होते तोवर, वीस वर्षं, आम्ही तिघं एका घरात तीन वेगवेगळी दुःखं घेऊन राहत होतो. बाबा ही एवढी वाट तुडवून दुसऱ्याच्या गावात येऊन रडत होते आणि बर्फी घेऊन घरी परतत होते. मी डोमाजींवरही तडकले. "मग आज मला का सांगितलंत? शब्द दिला होता ना?"

ते चिडले नाहीत. "मास्तरले दिला होता. मास्तर गेले. तुमी एवढ्या दुरून येऊन तोंडावर विचारून राहिल्या. खोटं कसं सांगू?" मग बूट चढवत म्हणाले, "आईले सांगा का नका सांगू, ते तुमचं. मी त्यात नाई पडत."

त्या रात्री मला छान झोप लागली. लाज वाटावी इतकी. सकाळी पारावर गावकरी टोपल्यांनी माती टाकत होते आणि डोमाजी काठीने ती दाबून बघत होते. मी थोडा वेळ उभी राहिले. कुणीतरी विचारलं, "पाव्हनी कोन?" डोमाजी म्हणाले, "मास्तरांची पोरगी." विचारणाऱ्याने लगेच हात जोडले. त्या गावात बाबांची एक ओळख होती, आणि ती मला माहीत नव्हती.

गिरजाबाईंनी लाखोरीच्या डाळीचं गाठोडं दिलं. मी त्यांना वाकून नमस्कार केला, डोमाजींनाही करायला गेले तर ते सायकलीमागे सरकले. "नाई जी, नाई," म्हणत राहिले.

नाशिक

परतीच्या गाडीत मी ठरवलं, आईला काही सांगायचं नाही. बाबांचंच बरोबर. ऐंशी ओलांडलेल्या बाईला हे कशाला? मग अकोल्याच्या पुढे कधीतरी ठरवलं, सांगायचं. मग पुन्हा नाही. शेवटी इतकी दमले की ठरवायचंच सोडलं.

घरी पोचले. आईने पाणी दिलं, माझ्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघितलं, तेलाची वाटी आणली. तिचा हात गुडघ्यावर फिरत असतानाच मी सगळं सांगून टाकलं. तंबू, वादळ, बाबांच्या तीन खेपा, सगळं. कुठलंही वाक्य सजवलं नाही. मुकुंद रडला, तेही सांगितलं.

आईचा हात थांबला नाही. मी संपवल्यावर तिने विचारलं, "खाली यायचंय म्हणत होता?"

"हो."

"मी खाली थांबलेय म्हणाला?"

"हो आई. सारखं तेच म्हणत होता."

तिने वाटी खाली ठेवली. पदराला हात पुसले, एकेक बोट, सावकाश.

"मला वाटायचं, त्याला तिथंच आवडलं," ती म्हणाली. "घरात त्याचा पाय कधी ठरला नाही. मी म्हणायची, बघ, शेवटी डोंगरच जवळचा वाटला याला, आईची आठवणसुद्धा आली नसेल. तीस वर्षं मी त्या पोरावर रुसून बसले गं. यांनी मला सांगायला हवं होतं."

मला वाटलं आता ती रडेल. रडली नाही. म्हणाली, "त्या माणसाचा नंबर आहे ना? लाव."

मी फोन लावून तिच्या कानाशी धरला. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"मी मुकुंदची आई बोलतेय," ती म्हणाली. "पाय कसे आहेत तुमचे?" मग पलीकडचं ऐकत राहिली. डोमाजींची झाडीबोली तिला किती कळत होती कोण जाणे, पण ती मधे थांबवत नव्हती. थोड्या वेळाने म्हणाली, "नाही, तिने सांगितलं मला. पण तुम्ही सांगा. पहिल्यापासून सांगा. मला काही घाई नाही."

मी दार ओढून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन आडवी झाले. आतून आईचं "हं... हं..." ऐकू येत होतं.